जांभळा दिवा घेऊन पेठच्या पाड्यावर

प्रवासाबद्दल लिहायचं तर निदान महाराष्ट्राबाहेर तरी जाऊन यायला हवं, असं मला वाटायचं. मी गेले दिंडोरीला आणि तिथून पेठकडे. नाशिकचा कुणीही म्हणेल, हा काय प्रवास झाला? पण विभागातल्या मैत्रिणी सारख्या विचारतात की तिकडे नक्की काय झालं, आणि मला तोंडी नीट सांगता येत नाही. मध्येच अडखळते. म्हणून लिहून काढते आहे.

मी मूळची इगतपुरीजवळची. वडील रेल्वेत ट्रॅकमन आहेत, घरी थोडी भातशेती आहे. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. आता नाशिकला भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते. माझा प्रकल्प म्हणजे एक दिवा. दिसायला बॅटरीसारखाच, पण उजेड निळसर जांभळा. तो तोंडाच्या आत पाडला की निरोगी भाग स्वतःहून मंद हिरवट चमकतो. ही चमक इतकी फिकी असते की निळ्या उजेडात डोळ्यांना कळत नाही. नारिंगी काचेचा चष्मा लावला की निळा अडतो आणि हिरवा तेवढा आत येतो. जिथे पेशी बिघडायला लागल्या असतील तिथली चमक मावळते, काळसर डाग दिसतो. हा डाग म्हणजे कॅन्सरच, असं मात्र नाही. दिवा फक्त बोट दाखवतो. खरं काय ते तुकडा काढून तपासल्यावरच कळतं.

दिवाळीच्या थोडं आधी आम्ही तो दिवा घेऊन द्राक्षबागांमधल्या मजुरांची तोंडं तपासायला निघालो. आम्ही म्हणजे तिघं. दातांच्या डॉक्टर वाघचौरे मॅडम, जीप चालवणारे युसुफचाचा आणि मी.

दिंडोरीच्या वाटेवर

"बेटा, ये दिवा करतो काय?" शहर मागे पडल्यावर चाचांनी विचारलं.

"चाचा, दुकानदार जांभळ्या दिव्याखाली नोट धरून बघतात ना, तसंच."

"मी नाशिक रोडचा आहे, नोटांच्या छापखान्याजवळचा. नोटांचं मला सांगते? म्हणजे तोंडातली नकली नोट पकडायची."

"हो. फक्त इथे उलटं असतं. खऱ्या नोटेचा कागद चमकत नाही, त्यातले धागे चमकतात. नकली नोट साध्या कागदावर छापली असेल तर ती सगळीच्या सगळी चमकते. तोंडात चमकतं ते चांगलं."

"उलटं का बरं?"

साध्या कागदात पांढरेपणासाठी काहीतरी घातलेलं असतं, ते चमकतं, असं मी सांगायला लागले आणि 'काहीतरी' म्हणजे काय, इथेच अडकले. पुढच्या सीटवरून मॅडम म्हणाल्या, "चाचा, तिची तोंडी परीक्षा घेऊ नका. ती घाबरते."

"तोंडं बघायला निघालीय आणि तोंडीला घाबरते!" चाचा म्हणाले, आणि आम्ही सगळे हसलो.

दिंडोरीत छाटणी उरकत आली होती. पानं नसलेल्या द्राक्षबागा मी पहिल्यांदाच पाहिल्या. हिरवळ नाही की घड नाहीत, तारांवर नुसत्या तपकिरी काड्या, आणि प्रत्येक काडीच्या डोळ्यांवर गेरूच्या रंगाची पेस्ट. डोळे एकदम फुटावेत म्हणून ती लावतात. बायका रबरी हातमोजे घालून ओळीओळीने सरकत होत्या. यातल्या बहुतेक टोळ्या पेठ, सुरगाण्याकडच्या. आमच्याकडे भाताची लावणी गावातल्या गावात एकमेकांकडे जाऊन करतात. इथे कामासाठी अख्खं घर बिऱ्हाड पाठीवर घेऊन येतं.

दिव्याला अंधार लागतो. बागवाल्यांनी पॅकहाऊसमधली द्राक्षं गार करायची खोली मोकळी करून दिली. हंगाम नव्हता, त्यामुळे यंत्र बंद होतं. तरी बायका दारात थांबून विचारत, "आत बर्फ हाय का?" मॅडम बाहेर व्हरांड्यात साध्या उजेडात तोंड बघायच्या, मग मी आत दिवा लावायचे, आणि काही वेगळं दिसलं की मॅडमना हाक मारायचे. मिसरीने काळ्या झालेल्या हिरड्या, तंबाखू धरून जाड झालेले गाल. दुपारपर्यंत तो वास माझ्या ओढणीत बसला.

जेवणाच्या सुट्टीनंतर यमुनामावशी आत आल्या. चाळिशीच्या असतील. त्या स्टुलावर बसतात न बसतात तोच बाहेरून कुणीतरी तो जाड दरवाजा जोरात लोटला आणि त्याची कडी अडकली. मी ढकलून पाहिलं, हाका मारल्या. त्या भिंतींमधून आवाज बाहेर जात नव्हता.

"आता द्राक्षावाणी आपल्यालाबी पेटीत भरतील," मावशी अंधारात म्हणाल्या. "तू वरच्या थरात, मी खाली. मी जुना माल."

मी घाबरले होते, पण हसू फुटलं. बाहेरच्यांच्या लक्षात येऊन चाचा सळई घेऊन येईपर्यंत आम्ही गप्पा मारत बसलो. त्यांचा पाडा पेठच्या पुढे आहे. सासू आणि नवरा शेतीसाठी घरीच थांबले होते. दिवाळीच्या तोंडावरच्या वाघबारशीला सगळी टोळी गावी जाणार होती. मी म्हटलं, आमच्याकडेही वाघबारस असते. तेव्हा त्यांनी माझा हात चाचपडून धरला. "मंग तू आमच्यातलीच," म्हणाल्या.

दरवाजा उघडला. सगळ्यांचं हसून झाल्यावर मी दिवा लावला. त्यांच्या जिभेच्या डाव्या कडेला एक फोड होता. तो काळा दिसला नाही. उलट टिकलीएवढी जागा झगझगीत दिसली, हिरवी, थोडी पिवळ्याकडे झुकणारी. सुंदर दिसत होती. तरी मी मॅडमना बोलावलं.

मॅडमनी चष्मा लावून पाहिलं. "चमक तर छान आहे. शेजारची दाढ टोकदार आहे, ती घासून झालं असणार." मग मावशींना म्हणाल्या, "दाढ गुळगुळीत करून घ्या. दोन आठवड्यांनी परत दाखवा."

मावशी बाहेर जाऊन मोठ्याने म्हणाल्या, "मी पास!"

बागवाल्यांच्या घरी

संध्याकाळी आमचं जेवण बागवाल्यांकडे होतं. काकूंनी पिठलं केलं होतं, बाजरीची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा. घट्ट पिठलं, वर कच्चं तेल. हॉस्टेलच्या मेसनंतर असं काही समोर आलं की मला आग्रह करावा लागत नाही. हात धुतले आणि ओसरीच्या कोपऱ्यात दिवा तपासायला बसले. रोज काम झालं की मी तो स्वतःच्या तळहातावर पाडून बघते, बॅटरी किती उरली ते कळतं.

चष्मा लावला, बटण दाबलं, आणि माझी बोटं पेटल्यासारखी दिसली. हिरवी, पिवळ्याकडे झुकणारी.

क्षणभर कळेना. मग बोटं नाकाशी नेली. पिठल्याची हळद होती. साबणाने धुऊनही नखांच्या कडेला राहिलेली.

आमच्याकडे तोंड आलं की आई हळद आणि तूप लावते. पेठलाही लावत असणार. डॉक्टर तोंड बघणार म्हणून कुणी फोडावर हळद लावून आलं असेल, तर त्याखालचं आम्हाला काय दिसणार? सकाळी मीच चाचांना सांगितलं होतं, नकली नोट सगळीच्या सगळी चमकते.

मॅडम काकूंशी बोलत होत्या. मी त्यांच्या मागे उभी राहिले. दोनदा तोंड उघडलं आणि मिटलं. त्यांची प्रॅक्टिस माझ्या वयाइतकी जुनी आहे. त्यांनी पाहून सांगितलेलं मी चुकीचं म्हणायचं? आमच्या घरात डॉक्टरसमोर कुणी खुर्चीवरसुद्धा बसत नाही.

"मॅडम, तो यमुनामावशींचा फोड..."

"हं?"

"हळद असेल का त्याच्यावर?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी बोटं पुढे केली आणि त्यांच्या डोळ्यांवर चष्मा चढवला. त्यांनी काकूंकडे चिमूटभर हळद मागितली, थोडी खालच्या ओठाच्या आत लावली आणि म्हणाल्या, "पाड उजेड."

काकू आमच्या दोघींकडे बघत राहिल्या. "काय ओ मॅडम, जेवण कमी पडलं का?"

मी चष्म्याच्या काचेतून मॅडमच्या ओठाचा फोटो काढला आणि मॅडमना दाखवला. ओठावर तीच झगझगीत टिकली होती. त्यांनी चूळ भरली आणि पुन्हा फोटो काढायला लावला; टिकली गेली होती.

"मी त्या चमकेवर विसंबले," त्या म्हणाल्या. "बाहेर जीभ पिवळट दिसली, ती मला जेवणाची वाटली. दाढ टोकदार आहे हे खरं. पण फोड किती दिवसांचा आहे तेसुद्धा मी विचारलं नाही. उद्या सकाळी पहिल्यांदा तिचं तोंड धुऊन बघायचं."

सावळ घाट

सकाळी बागेत गेलो तर टोळीच्या जागी विझलेल्या चुली होत्या. बागेवरच्या मुकादमाने सांगितलं, वाघबारशीसाठी सगळे आदल्या संध्याकाळीच टेम्पोने गेले. मावशींकडे फोन नव्हता. नवऱ्याचा होता, पण तो पाड्यावर लागत नाही.

मॅडमना तिथेच दुसऱ्या टोळीची तपासणी होती. "चाचा, हिला घेऊन जा," त्या म्हणाल्या. "अश्विनी, तू एकटी बोलशील ना त्यांच्याशी?"

"बोलते," मी म्हणाले. आवाज बारीकच निघाला, पण निघाला.

घाटाकडे वळलो तशा बागा संपल्या. तारा गेल्या, शेततळी गेली. डोंगराच्या उतारावर नागली, म्हणजे नाचणी, पिकून तांबूस झाली होती, खाचरांत भात आडवा पडला होता. इगतपुरीचं भात मी जन्मापासून बघते. आमची खाचरं रुंद असतात. इथली एखाद्या चटईएवढी, एकाखाली एक. चाचा एरवी गाणी लावतात. त्या दिवशी लावली नाहीत.

"तिला काय सांगणार तू?" त्यांनी विचारलं.

"परत बघायचंय म्हणून."

"फक्त एवढं सांगितलं तर नाही येणार. माणूस एकदा पास झाला की फेरपरीक्षेला कोण बसतो?"

पाड्याच्या अलीकडे रस्ता वाहून गेला होता. जीप थांबवून आम्ही चालत निघालो. चाचांच्या चपलेचा अंगठा तुटला आणि उरलेली वाट ते एक पाय अनवाणी चालले, मला मात्र दिव्याचा खोका त्यांनी उचलू दिला नाही.

पाड्यावर

मावशींचं घर कुडाचं, शेणाने सारवलेलं. दारात त्यांची सासू सुपात नागली पाखडत होती. मला पाहून मावशी हसत बाहेर आल्या. "पेटीतली पोर आली!" सासूला त्यांच्या बोलीत सगळी गोष्ट सांगितली. मला अर्धी कळली, पण म्हातारी कुठे हसली त्यावरून उरलेली कळली.

कोरा चहा झाला. मग मी म्हणाले, "मावशी, जिभेवरचा फोड परत बघायचा आहे."

"कालच बघितला नव्हं?"

"काल हळद लावली होती का तुम्ही?"

"मंग? डाक्टरीण बघणार, फोड तसाच ठिवायचा का? ह्या माझ्या सासूआत्या पैल्यापासनं सांगत्यात, हळद-त्याल लाव. आजबी लावलीय."

"किती दिवस आहे फोड?"

त्यांनी सासूकडे पाहिलं. सासू म्हणाली, नागली पेरली तेव्हापासून.

म्हणजे जूनपासून. नागली आता कापणीला आली होती.

मी सांगायला लागले. दिवा, चमक, हळद, डाग. मध्येच अडखळले. मावशींचा चेहरा हळूहळू मिटत गेला. "काल पास, आज नापास," त्या म्हणाल्या. "कोनचं खरं धरू? मला दुखत नाय. तुमचा दिवा बिघडला असंल तर तो दुरुस्त करा."

त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. चाचा अंगणात बसून चपलेला दोरी बांधत होते. ते वर न बघता म्हणाले, "बेटा, बोलू नको. दाखव."

मी म्हातारीकडे हळद मागितली. आत, धान्याच्या कणगीमागच्या अंधारात बसले, हळद जिभेवर लावली, चष्मा मावशींच्या हातात दिला आणि दिवा स्वतःच्याच तोंडात पाडला.

"अगं बाई," मावशी म्हणाल्या. "किती चमकतिया! माझीबी अशीच दिसली का?"

मी बाहेर जाऊन चूळ भरली, पुन्हा पुन्हा भरली, कापसाने जीभ पुसली आणि परत येऊन बसले. त्यांनी पाहिलं. झगझगाट गेला होता, नेहमीचा मंद हिरवा उरला होता.

"हळदीखाली काय आहे ते कालच्या दिव्याला दिसलंच नाही, मावशी. बिघडला नव्हता. आम्ही आधी तोंड धुवायला सांगायला हवं होतं."

त्या उठल्या, रांजणाकडे गेल्या. खूप वेळ चुळा भरण्याचा आवाज येत राहिला. मग येऊन स्टूल नव्हतं तर पाटावर बसल्या आणि तोंड उघडलं.

डाग काळा होता. मसुराच्या डाळीएवढा, आणि त्याच्या कडेने आणखी थोडं काळसर पसरलेलं. भोवतीची जीभ हिरवी. चष्म्याची काच फोनला टेकवून मी फोटो काढला.

"मला बघू दे," त्या म्हणाल्या.

दाखवावा की नाही ते मला कळेना. पण आदल्या दिवशी त्यांना न दाखवताच आम्ही पास केलं होतं. मी फोन दिला. सासू शेजारी येऊन वाकली. दोघींनी बराच वेळ पाहिलं.

"हा कॅन्सरच आहे असं मला सांगता येत नाही," मी म्हणाले. "तुकडा तपासल्यावर कळेल. पण आता थांबून चालणार नाही, एवढं नक्की सांगते."

"सण झाल्यावर येते."

"मग मी सण होईपर्यंत थांबते."

चाचांनी डोळे मोठे केले. जीप मॅडमना हवी होती. मी त्यांना म्हणाले, तुम्ही जा, मी मावशींना घेऊन एस.टी.ने येते. इतक्या ठामपणे मी याआधी कुणाशी बोलले असेन असं वाटत नाही. चाचा एवढंच म्हणाले, "तुझ्या मॅडमला मी सांगतो, पोरगी बदलली." आणि दोरीची चप्पल घालून निघाले.

त्या संध्याकाळी पाड्याबाहेरच्या वाघदेवापुढे सगळे जमले. लाकडावर कोरलेला वाघ, वर सूर्य आणि चंद्र, अंगभर शेंदूर. गुराख्यांपैकी एकजण वाघ झाला आणि बाकीच्यांनी हाकारे घालत त्याला रानाकडे पिटाळलं. आमच्याकडे आता नुसता नारळ फोडतात, वाघ कुणी होत नाही. इथे म्हाताऱ्याही ओरडत होत्या. मावशींनी तांदळाच्या खिरीचा द्रोण माझ्या हातात दिला. स्वतः खाल्ली नाही. फोडाला गोड झोंबतं म्हणाल्या. दुखत नाही असं सकाळी त्यांनीच सांगितलं होतं.

परतताना सासूने मला कोपराने ढोसलं. "तू का थांबलीस? ती पळून जाईल म्हणून?"

"हो आजी," मी म्हणाले.

म्हातारी खदखदून हसली. "बरं केलंस. पळालीच असती ती."

नाशिक

सकाळी मावशींचा नवरा शेतावरची नागली सोडून येऊ शकत नव्हता, म्हणून आम्ही दोघीच निघालो. फडक्यात नागलीच्या भाकरी बांधून घेतल्या होत्या. घाट उतरताना मावशींनी खिडकीतून न वळता विचारलं, "जीभ कापतील?"

"मला माहीत नाही, मावशी."

त्यांनी मांडीवरचं फडकं सोडलं. म्हणाल्या, "तुला एवढं तरी खरं बोलता येतं." आणि भाकरी मोडून अर्धी मला दिली.

दवाखान्यात मॅडम दारातच उभ्या होत्या. त्यांनी मावशींचे हात धरले आणि म्हणाल्या, "परवा मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. आज नीट बघते." मावशी बावरल्या. डॉक्टर असं बोलताना त्यांनी कधी ऐकलं नसावं. मीही ऐकलं नव्हतं.

तुकडा काढला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी इथे लिहीत नाही, त्यात सांगण्यासारखं काही नाही, मी अभ्यास करत होते असं मी सगळ्यांना सांगत होते. रिपोर्टमध्ये कॅन्सरच निघाला. पण सुरुवातीचा, खोल न गेलेला. जिभेच्या कडेचा तेवढा भाग काढला, मानेत पसरलेलं नव्हतं. पुढची काही वर्षं त्यांना वरचेवर येऊन दाखवावं लागेल. 'बरी झाली' असं मॅडम अजून म्हणत नाहीत, आणि आता मीही घाईने म्हणत नाही.

आमच्या तपासणीची रीत मात्र बदलली. खोलीत शिरण्याआधी पाण्याचा पिंप, पेला, कापूस. पहिला प्रश्न, तोंडात काय लावलंय? मिसरी, हळद, कात, जे असेल ते. लोक आधी लपवतात. मग मी पेठची गोष्ट सांगते, तेव्हा सांगायला लागतात.

परवा मावशी दाखवायला आल्या. 'स' आणि 'ल' अजून थोडे अडखळत निघतात, माझ्यासारखेच. सोबत टोळीतल्या आणखी दोन बायका होत्या, पदर तोंडावर धरून उभ्या. मी पेला भरायला गेले तर मावशींनी मला हाताला धरून मागे ओढलं.

"पाणी ऱ्हाऊ दे. नळावर उभं करून घासायला लावलंय दोघींना, मीच. हळद नाय, मिसरी नाय, काय नाय." मग स्टुलावर आधी स्वतः बसल्या आणि तोंड उघडायच्या आधी म्हणाल्या, "लाव तुझा दिवा."